जाऊ नको म्हणायचं राहून गेलं

त्या सकाळी गोटीरामला ताप आला, म्हणून हे सगळं झालं. नाहीतर हर्षाली भोये आणि प्रफुल्ल पगारे यांनी एकमेकांना कधी पाहिलंही नसतं.

जुलै सरत आला होता. सिन्नरजवळच्या एका गावात, चंदर मामांच्या तीन एकर सोयाबीनच्या बांधावर हर्षाली ड्रोन घेऊन उभी होती. ड्रोन शेतकरी गटाचा, उडवणारी ती. परवाना असलेली पायलट. वय चोवीस, गाव पेठ तालुक्यातल्या डोंगरात, आणि राहायला नाशकात, पेठ रोडला दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत. शेतकरी तिला पायलट ताई म्हणत आणि म्हणताना थोडं हसत. कारण तिचं विमान तिच्या कमरेएवढं होतं, आणि त्यात माणसाच्या जागी दहा लिटर औषध बसायचं.

हे काम एकट्यानं होत नाही. पायलट शेताच्या एका टोकाला रिमोट घेऊन उभी राहते. समोरच्या टोकाला दुसरा माणूस लागतो. मोटारीची तार कुठून गेली आहे, बाभळीची फांदी किती पुढं आली आहे, हे दोनशे पावलांवरून दिसत नाही. ते पलीकडच्यानं बघायचं आणि हातानं सांगायचं, कारण पंख्यांच्या आवाजात बोलणं ऐकू जात नाही. उजवा हात वर केला, म्हणजे थांब. दोन्ही हात पसरले, म्हणजे वळव. हात छातीशी धरला, म्हणजे सगळं ठीक आहे, ये.

रोज पलीकडे गोटीराम असायचा. आज तो नव्हता, म्हणून चंदर मामा स्वतः जाऊन उभे राहिले. पण मामा ड्रोन पाहून हरखून गेले. तोंड उघडं टाकून त्याच्या मागं मागं चालू लागले आणि सरळ त्याच्या खाली आले. हर्षालीला दोनदा ड्रोन उतरवावा लागला. दुसऱ्यांदा मामा डोक्यावरचं औषध पुसत म्हणाले, "आता किडा तरी नाय लागायचा मला."

तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. एक उंच, सावळा तरुण उतरला. हातात गोणपाटात गुंडाळलेला लोखंडी दांडा होता. मामांच्या बहिणीचा मुलगा, प्रफुल्ल. नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. मामांच्या मोटारीचा झिजलेला शाफ्ट त्यानं नवा करून आणला होता.

हर्षालीनं त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, पण विचारलं मात्र मामांना.

"मामा, हे पाहुणे एका जागी उभे राहतील का?"

"तो? मशीनपुढं उभाच असतोय की दिवसभर. दुसरं काय येतंय त्याला."

प्रफुल्लनं दांडा खाली ठेवला. "काय करायचं असतं?"

"उभं राहायचं. ड्रोनकडे बघायचं. माझ्याकडे नाही."

"आणि चुकून दोन्हीकडे बघितलं तर? पगार कापणार का?"

"पगारच नाही."

"मग काही अडचण नाही," तो म्हणाला, आणि चिखल तुडवत पलीकडे निघाला.

तिसऱ्या फेरीला भुरभुर सुरू झाली. हर्षालीनं ड्रोन उतरवला, त्यावर प्लॅस्टिकचा कागद ओढला, आणि तिघं मामांच्या छपरात येऊन बसली. पावसाचे थेंब सोयाबीनच्या पानावर पडत होते आणि पानं जरा खाली वाकून पुन्हा वर येत होती. प्रफुल्लच्या भुवयांवर पाणी साचलं होतं. तो ते पुसत नव्हता. तो तिच्या रिमोटकडे बघत होता… रिमोटकडे म्हणजे रिमोट धरलेल्या हातांकडे.

"उद्या गोटीराम येईल?" त्यानं विचारलं.

"का?"

"नाही… माणूस आजारी आहे. चौकशी करावी."

मामांनी खोकल्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

*

गोटीरामचा ताप आठ दिवस राहिला. तो बरा झाला, तरी प्रफुल्ल यायचा थांबला नाही. हर्षालीनं त्याला विचारलं होतं, की कारखान्याचं काय? तो म्हणाला, सेकंड शिफ्ट आहे, दुपारी तीनला जायचं असतं, सकाळ मोकळीच. मग सकाळी लोळत पडण्यापेक्षा चार शेतं बघून होतात. गोटीरामला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही. तो टेम्पोच्या सावलीत बसून बॅटऱ्या चार्ज करायचा आणि तंबाखू मळत दोन्ही टोकांकडे आळीपाळीनं बघायचा.

फवारणी सकाळचीच. दहानंतर वारा उठतो आणि औषध दुसऱ्याच्या रानात जातं. म्हणून हर्षाली सातला शेतावर हजर असायची. प्रफुल्ल आठला यायचा. रोज आठला, आणि डोळे लाल.

"दुपारी कामाला जाणारा माणूस आठपर्यंत झोपतो?" ती म्हणायची.

"स्वप्न अर्धं सोडून उठता येत नाही."

"कसलं स्वप्न?"

"पलीकडच्या टोकाला उभा आहे असंच पडतं. तिथंही पगार नाही."

ती हसायची नाही. हसू आलं की खाली वाकून बॅटरीची पट्टी आवळायची. पट्टी आधीच आवळलेली असायची.

दोनशे पावलांवरून माणूस काय दिसतो? एक काठी, वर एक निळा शर्ट. पण रोज बघितलं की काठीचीही ओळख पटते. तो दमला की डाव्या पायावर भार देतो, हे तिला कळलं. ऊन आलं की रुमाल डोक्याला बांधतो, आणि त्याची गाठ कधी नीट बसत नाही. आणि सगळं ठीक आहे म्हणून छातीशी हात धरतो, तो ड्रोन वळून गेल्यावरही थोडा वेळ तसाच राहतो. हे तिच्या लक्षात आल्यापासून तिला त्या एका खुणेची वाट बघायची सवय लागली. कामाच्या मानानं ही सवय चांगली नव्हती, आणि तिला ते कळत होतं.

मध्ये वारा सुटला की काम थांबायचं. मग दोघं बांधावर बसून तिच्या डब्यातली नागलीची भाकरी आणि त्याच्या डब्यातलं बोंबलाचं सुकं खायची. त्याचे वडील मनमाडला रेल्वेत होते, आता घरी असतात. आई नाशिक रोडला महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. आईच्या हाताखाली शिकलेली मुलं कुठं कुठं गेली याची यादी त्याला पाठ होती. हर्षाली ऐकत राहायची. तिला विचारलं, की तुम्ही कशा पायलट झालात, तर ती म्हणायची, गटाला एक बाई पाहिजे होती आणि बाकीच्या घाबरल्या. एवढंच. पण पहिल्यांदा ड्रोन वर गेला तेव्हा काय वाटलं, ते तिनं त्याला एकट्यालाच सांगितलं. जन्मभर वाकून लावणी केली आणि त्या दिवशी पहिल्यांदा शेत वरून बघितलं. किती सुंदर दिसतं ते! आणि हे आपल्या आईनं कधी बघितलं नाही.

त्यानं भाकरीचा मोठा तुकडा मोडून तिच्या डब्यात ठेवला.

*

ऑगस्टच्या अखेरीला अपघात झाला.

मक्याचं रान होतं. पलीकडच्या कडेला मोटारीची तार खाली लोंबत होती. कडेची शेवटची पट्टी हर्षाली नेहमी स्वतः हातानं उडवायची, नजर प्रफुल्लच्या हातावर ठेवून. त्याचा हात छातीशी होता. सगळं ठीक, ये. तिनं ड्रोन पुढं घेतला. तो आणखी पुढं गेला. हात छातीशीच. मग एक कडकड आवाज झाला आणि ड्रोन तारेला अडकून मक्यात कोसळला.

चिखलातून धावत ती पलीकडे पोचली तेव्हा प्रफुल्ल ड्रोनपाशी गुडघे टेकून बसला होता. ड्रोनचा एक पाय मोडला होता, दोन पंख तुटले होते.

"अरे, तू बघत काय होतास?" रागाच्या भरात ती त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे बोलली. "तुला एवढंच काम आहे. उभं राहायचं आणि बघायचं. फोन बघत होतास ना?"

"डोळ्यात चिलट गेलं."

"खोटं बोलू नकोस."

"बरं. चूक झाली."

"ही मशीन माझ्या नावावर दिलेली आहे. उद्या परवाना गेला तर मी परत लावणीला जायचं. तुझी मजा आहे, तुला पक्की नोकरी आहे. जमत नसेल तर येऊ नकोस."

त्यानं मान हलवली. वर बघितलं नाही. तिला वाटलं, वर बघेल, काहीतरी चेष्टा करेल, मग आपला राग उतरेल. पण तो उठला, मोडलेला पाय रुमालात गुंडाळला आणि निघून गेला.

तिसऱ्या दिवशी तो पाय घेऊन आला. अॅल्युमिनियमचा नवा, स्वतः लेथवर केलेला, कडा अशा घासलेल्या की बोट फिरवलं तर कुठं अडकत नव्हतं. गोटीरामनं तो बसवला. हर्षालीनं विचारलं, "किती वेळ लागला?" तो म्हणाला, "लागला थोडा." तिनं पुन्हा विचारलं, "चहा घेणार?" आता तुम्ही म्हणायचं की तू म्हणायचं हे दोघांनाही कळेना, म्हणून त्या दिवशी दोघंही फार कमी बोलले. पण चहा दोनदा झाला.

*

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. पुण्याच्या एका कंपनीतून, अंजली मॅडम म्हणून कुणी होत्या. हर्षालीनं जिथं ड्रोनचं शिक्षण घेतलं तिथल्या सरांनी तिचं नाव दिलं होतं. काम गुजरातेत, भूजच्या बाजूला. पवनचक्क्यांची उंच पाती असतात, त्यांना कुठं तडा गेला आहे का ते ड्रोननं जवळ जाऊन बघायचं, फोटो काढायचे. दोन वर्षांचा करार. राहायची सोय कंपनीची. मशीन मोठी, काम मोठं, आणि पुढं शिकायचं असेल तर खर्च कंपनीचा. मॅडम म्हणाल्या, शनिवारपर्यंत कळव, मला दुसरी नावंही बघायची आहेत.

सहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी फवारणी संपल्यावर तिनं प्रफुल्लला सांगितलं. सिन्नरच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर दोघं उभे होते. सांगताना ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. दोनशे पावलांवरून जे कळायचं ते दोन पावलांवरून कळेल, असं तिला वाटलं होतं.

त्याचा चेहरा एका क्षणाला… अगदी एका क्षणाला थांबला. मग तो मोठ्यानं हसला.

"जा. विचार कसला करायचा यात? अशी संधी परत येते का?"

"दोन वर्षं आहे."

"जातील निघून. थांब, भूजला गाडी कोणती आहे बघू." त्यानं लगेच फोन काढला. मनमाडहून बसलीस तर कुठं बदलावी लागेल, नाशिक रोडहून काय सोयीचं, सुरतेला किती वेळ थांबावं लागेल, सगळं सांगू लागला. रेल्वेवाल्याचा मुलगा तो. वेळापत्रक त्याच्या तोंडात होतं.

"तुला काहीच वाटत नाही?" तिनं विचारलं.

"वाटतं की. आनंद वाटतो." तो कपात बघत म्हणाला. "आमच्या घरात एक आहे, हर्षाली. पुढं चाललेल्या माणसाला मागं ओढायचं नाही. मुलीला तर नाहीच. माझ्या आजीला कुणी मागं ओढलं नाही, म्हणून माझी आई मास्तरीण झाली. मी तुला जा म्हणणार. दुसरं काय म्हणणार?"

ती म्हणाली, बरोबर आहे. कप ठेवला आणि नाशिकची बस धरली. खिडकीपाशी बसून तिनं स्वतःला विचारलं, की बाई, तुला राग कशाचा आला आहे? माणूस चांगलंच बोलला.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्ल शेतावर आला नाही. त्याचा निरोप आला, शिफ्ट बदलली. बुधवारी ती स्वतःच गेली नाही. पेठची बस धरून घरी गेली.

*

भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. आई, कुसाबाई, नागलीत खुरपत होती. हर्षाली ओचा खोचून तिच्या शेजारी बसली आणि खुरपता खुरपता सगळं सांगितलं. पवनचक्क्या, भूज, दोन वर्षं.

आईचं खुरपं थांबलं नाही. "कवा निघायचं?"

"अजून हो म्हटलं नाही मी."

"थंडीआधी निघालेलं बरं. गोधडी हाय नवी, ती ने."

बाप, सहादू, संध्याकाळी बैल बांधून आला. त्याला सांगितलं. त्यानं थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "तिकडं प्यायचं पाणी कसं हाय?"

एवढंच. दुसरं कुणी काही विचारलं नाही. चुलती आली, ती म्हणाली, जातेस का, जा. शेजारचा म्हातारा म्हणाला, जाशील तर चांगली राहा.

हर्षालीला यात नवीन काहीच नव्हतं. त्यांच्या पाड्यावर दरवर्षी भात झोडून झालं की माणसं निघतात. कुणी द्राक्षाच्या बागांत, कुणी वीटभट्टीला, कुणी पार गुजरातेत उसाला. ती पाच वर्षांची होती तेव्हापासून बघत आली होती. जीप आली की आई-बाप गाठोडं टाकून चढायचे आणि ती आजीचा हात धरून उभी राहायची. रडलं तर आजी दटावायची. जाणाऱ्याला जाऊ नको म्हणायचं नाही. त्याला जावंच लागतं, मग आपण तसं म्हणून त्याचा पाय जड कशाला करायचा? म्हणून पाड्यावर कुणीच कुणाला तसं म्हणत नसे. निघायची वेळ विचारायचे, पाणी विचारायचे, गोधडी द्यायचे. माया नव्हती असं नाही. ती सगळी गोधडीतच बांधून द्यायचे.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये, मांडीवर ती नवी गोधडी घेऊन बसलेली असताना तिला आपला राग कळला. नोकरी तिला पाहिजे होती. उंचावरचं ते काम डोळ्यांसमोर आलं की तिच्या तळहातांना घाम सुटायचा, चांगला घाम. पण आयुष्यात ती शाळेसाठी आश्रमशाळेत गेली, कामासाठी नाशकात गेली, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांनी गोधडी दिली. एकदाही कुणी म्हटलं नाही, की जाऊ नको, मला करमायचं नाही. तिला वाटलं होतं, जगात एक माणूस तरी तसं म्हणेल. आणि त्यानं गाड्यांचं वेळापत्रक काढून दिलं होतं.

मॅडमना हो लिहायला तिनं तीनदा फोन उघडला. तिन्ही वेळा बंद केला. नाही लिहायचं मन होईना, आणि हो लिहायला बोट पुढं जाईना.

*

शुक्रवारी चंदर मामांच्या सोयाबीनची दुसरी फवारणी होती. पलीकडच्या टोकाला गोटीराम. काम नीट झालं. तार नाही, फांदी नाही, एक थेंब वाया नाही. तरी हर्षालीला ते शेत फार लांब वाटलं.

मामांनी चहा दिला आणि सहज विचारलं, "आमचा भाचा कुठं हाय? झोप काढतोय का आता?"

"त्याची शिफ्ट बदलली म्हणाला."

"बदलली म्हणजे? रात्रपाळी सुटली का एकदाची?"

हर्षालीचा कप हातातच राहिला. "कसली रात्रपाळी?"

मामांनी गोटीरामकडे बघितलं. गोटीराम तंबाखू मळत राहिला. मग मामांनीच सांगितलं. त्या कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलते. सकाळी मोकळा आठवडा तिनातून एकदा येतो. पठ्ठ्यानं दीड महिना सगळ्यांच्या रात्रपाळ्या मागून घेतल्या. रात्री अकराला उभा राहायचा ते सकाळी सातपर्यंत, आणि तिथून मोटारसायकल काढून तडक इकडं. फवारणी संपली, तू नाशिकची बस धरलीस, की याच छपरात पोत्यांवर आडवा व्हायचा. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"त्यानं शपथ घातली व्हती," मामा म्हणाले. "पण आता तू चाललीस म्हणं. आता कसली शपथ."

ती गोटीरामकडे वळली. "तुम्हालाही माहीत होतं?"

"पायलट ताई, मी टेम्पोत बसून दीड महिना काय बॅटऱ्याच बघत व्हतो का?" गोटीराम म्हणाला. "त्या दिशी मक्यात तो उभ्या उभ्या झोपला व्हता. हात छातीवर तसाच. मी हाक मारली, पण पंख्याच्या आवाजात ऐकू जातंय का त्याला."

हर्षालीला मक्यातलं आपलं बोलणं आठवलं. तुझी मजा आहे, असं ती म्हणाली होती.

*

शनिवारी सकाळी सातला ती अंबडला, कारखान्याच्या फाटकासमोर उभी होती. रात्रीची पाळी सुटत होती. माणसं डबे हलवत बाहेर पडत होती, सकाळची माणसं आत शिरत होती. बारीक पाऊस होता, छत्री उघडावी की नको असा. तिनं उघडली नव्हती.

प्रफुल्ल मान खाली घालून बाहेर आला. तिला बघून थांबला. मागून येणाऱ्याचा त्याला धक्का लागला, तरी तो तसाच उभा.

"शिफ्ट बदलली ना तुझी?" ती म्हणाली.

तो एकदा फाटकाकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. "मामा बोलले वाटतं."

"सगळे बोलले. तूच तेवढा बोलला नाहीस. आता तर शेतावर येत नाहीस, मग अजून रात्रपाळी कशाला?"

"घेतलेल्या आहेत. महिनाअखेरपर्यंत करून द्याव्या लागतील."

समोर टपरी होती. टपरीच्या बाकावर प्लॅस्टिकच्या कागदाखाली दोघं बसली. त्याच्या हातांना तेलाचा वास होता. नखांत काळं होतं. इतक्या जवळून तिनं ते हात कधी बघितले नव्हते.

ती म्हणाली, "मक्यात मी तुला नको ते बोलले."

"चूक माझीच होती. मशीन पडली."

"पुन्हा कधी अशी झोप मोडून मशीनजवळ उभा राहिलास तर खरंच येऊ देणार नाही. तुझा हात लेथमध्ये गेला असता, मग?"

ती थांबली. पुढचं विचारायला तिनं पेठपासून इथपर्यंत धीर गोळा केला होता, आणि आता तो पुरेल की नाही तिला कळेना.

"प्रफुल्ल, मला आज संध्याकाळपर्यंत मॅडमना कळवायचं आहे. खरं सांग. मी जावं का?"

"सांगितलं की. जा."

"ते तुझ्या आईनं शिकवलेलं. तुझं सांग."

तो पावसाकडे बघत राहिला. टपरीवाल्यानं स्टोव्ह पेटवला. एक रिक्षा चिखल उडवत गेली. मग तो इतक्या हळू बोलला, की तिला वाकून ऐकावं लागलं.

"मला… तू जायला नको आहेस. झालं. रोज सकाळी अंबडहून निघालो की वाटायचं, आज ती जायचं ठरवेल. अजून फोनही आला नव्हता तेव्हापासून वाटायचं. तू मोठी पायलट आहेस, हर्षाली. सोयाबीनवर राहणार नाहीस, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं. म्हणून म्हटलं, जेवढ्या सकाळी आहेत तेवढ्या घेऊन टाकू. जाऊ नको. मला करमायचं नाही." त्यानं तोंडावरून हात फिरवला. गालाला तेलाचा काळा पट्टा उमटला. "हे बोलायचं नव्हतं मला. तुझी वाट अडवल्यासारखं होतं."

हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी ती हसली.

"परत म्हण."

"काय?"

"जाऊ नको. परत म्हण एकदा."

"जाऊ नको."

"मी जाणार आहे," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मग विचारलंस कशाला?"

"आमच्याकडे जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. मी प्रत्येक वेळी घरातून अशीच निघाले. कुणी नको म्हटलं नाही, म्हणून परत कुठं यायचं हेही कधी नीट कळलं नाही." तिनं पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली. "आता कळलं. दोन वर्षांनी कुठं यायचं, आणि मधल्या सुट्टीत कुठं यायचं, ते कळलं. आता मला जाता येईल."

त्याला हे सगळं समजायला वेळ लागला. रात्रभर जागा होता तो. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे तू… मला…"

"दोनशे पावलांवरून कळत होतं तुला. आता शेजारी बसून विचारतोस?"

"शेजारून वेगळं दिसतं."

"कसं दिसतं?"

"डोळ्यांना त्रास होतो जरा."

तिनं त्याच्या गालावरचा काळा पट्टा ओढणीनं पुसला. तो आणखी पसरला. दोघंही हसू लागले. मग तो सांगू लागला, की दिवाळीला दोन दिवसांची सुट्टी जोडून भूजला येईन, मनमाडची गाडी सोयीची नाही पण सुरतेहून… सुरतेहून… आणि बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. डोकं एकदा पुढं गेलं, एकदा मागं, आणि शेवटी तिच्या खांद्यावर येऊन थांबलं. दीड महिन्याची झोप एकदम आली होती.

येणारे-जाणारे बघत होते. बघू देत, असं तिनं ठरवलं. डाव्या हातानं तिनं फोन काढला आणि एकेक अक्षर शोधत मॅडमना लिहिलं. काम स्वीकारते. एक तारखेला हजर होते. त्याआधी जमणार नाही, घरी एका माणसाला घेऊन जायचं आहे.

थोड्या वेळानं उत्तर आलं. ठीक आहे, वाट बघते.

टपरीवाला दोन कप घेऊन आला आणि प्रफुल्लकडे बघून घोटाळला. हर्षालीनं एक कप घेतला, आणि खांदा न हलवता, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "दुसरा परत घेऊन जा, दादा. तो उठला की ताजा कर."